‘आहे’ या एका शब्दासाठी

आपल्या चर्चमध्ये लग्नाची किंवा अंत्यविधीची मिस्सा असली की सी.एन.आय. किंवा मेथडिस्ट पंथाचे नातलग व मित्र हमखास येतात. वाचने, प्रवचन, प्रभूची प्रार्थना, सारे बरोबरीने होते. मग ख्रिस्तप्रसादाची वेळ होते. आपण रांगेत उभे राहतो आणि ते बाकावर बसून राहतात. बाहेर आल्यावर एखादा हळूच विचारतो, “बाप्तिस्मा आमचाही झालाय, प्रभू एकच आहे, मग ही भाकर तेवढी वेगळी का?” आपल्यातले बहुतेकजण “फादरांना विचारा” म्हणून सुटका करून घेतात. आम्हीही तेच करत आलो. म्हणून आज ह्या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू या.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हा वाद म्हणजे एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, असा नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असेच मानते. उलट प्रोटेस्टंट पुढाऱ्यांचे आपापसांतच ह्या विषयावर जमले नाही. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ऑक्टोबर १५२९ मध्ये हेसचा सत्ताधीश फिलिप ह्याने जर्मनीतील मारबुर्गच्या आपल्या किल्ल्यात मार्टिन लुथर आणि झुरिकचे उलरिक झ्विंग्ली ह्यांची भेट घडवून आणली. दोघांनी एकत्र यावे, म्हणजे राजकारणातही बळ येईल, हा त्याचा हेतू. चर्चेच्या आरंभीच लुथरने खडूने मेजावर लॅटिन भाषेत “हे माझे शरीर आहे” हे शब्द लिहून ठेवले, असे वर्णन आढळते. प्रभूने म्हटले ते म्हटले, ह्यापलीकडे तो जायला तयार नव्हता. झ्विंग्लीचे म्हणणे असे की, प्रभूने स्वतःला द्राक्षवेलही म्हटले आहे. म्हणून इथे ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा घ्यावा. शिवाय प्रभूचे शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडे असताना ते इतक्या वेदींवर कसे असेल? त्याने योहानाच्या सहाव्या अध्यायातील ६३ वे वचन पुढे केले, जिथे प्रभू देहाला काही उपयोगाचा नाही म्हणतो. शेवटी पंधरा कलमांचा मसुदा झाला. चौदांवर एकमत झाले. पंधराव्यात प्रभुभोजनाविषयी काही मुद्दे जुळले, पण शरीर व रक्त भाकरीत व द्राक्षारसात खरोखर आहे काय, हा प्रश्न तसाच राहिला. लुथरने झ्विंग्लीला बंधू मानून हात मिळवायला नकार दिला. दोन वर्षांनी, १५३१ मध्ये, झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

एका क्रियापदावर एवढे रण माजले, पण प्रभू येशूच्या आरामाईक भाषेत अशा वाक्याला ‘आहे’ हा शब्द लागतच नाही. आपणही “हा माझा मुलगा” एवढेच म्हणतो आणि कुणाला शंका येत नाही. म्हणून कॅथलिक उत्तर एका शब्दावर उभे नाही. योहानाच्या त्याच सहाव्या अध्यायात कफर्णहूमचे लोक कुरकुर करतात तेव्हा प्रभू आपले बोलणे मवाळ करत नाही. ग्रीक मजकुरात तो आता ‘चावून खाणे’ ह्या अर्थाचे क्रियापद वापरतो. पुष्कळ शिष्य सोडून जातात. नुसती उपमा असती तर एका वाक्यात खुलासा करून त्यांना थांबवता आले असते. ६३ व्या वचनात ‘माझा देह’ असे नव्हे, तर नुसते ‘देह’ म्हटले आहे. आत्म्याविना केवळ मानवी बुद्धीने पाहणे व्यर्थ, असा त्याचा अर्थ आपण घेतो. ज्या शुभवर्तमानात शब्द देही झाला, तिथे प्रभूचा देह निरुपयोगी कसा ठरेल? (लुथर मात्र हा अध्याय प्रभुभोजनाविषयी नाहीच असे मानत असे.)

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे संत इग्नेशियस रोमला हौतात्म्यासाठी नेले जात असताना स्मुर्णा येथील भाविकांना पत्र लिहितात. ख्रिस्तप्रसाद हा आपल्या तारणाऱ्याचा देह आहे असे न मानणारे लोक त्यापासून दूर राहतात, अशी तक्रार त्यांत आहे. म्हणजे वाद तेव्हाही होता, आणि ख्रिस्तसभेची बाजूही ठरलेली होती.

‘सत्त्वपरिवर्तन’ हा शब्द पुढे आला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो वापरला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने त्याची शिकवण स्पष्ट केली. रंग, चव, वजन भाकरीचेच राहते. पण ती वस्तू मुळात जी आहे ते बदलते. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, एखादी वस्तू जागा व्यापून असते तसा ख्रिस्त तिथे नसतो. त्यामुळे ‘इतक्या वेदींवर कसा?’ ही अडचण बरीच सैल होते. लुथरनांच्या मते भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्यासह ख्रिस्ताचे शरीर असते. कॅल्विनच्या मते पवित्र आत्मा भाविकाला स्वर्गातील ख्रिस्ताशी जोडतो. मिस्सा हे बलिदान आहे, ह्यावर तर लुथरचा राग अधिकच होता. कालवरीचे बलिदान पुन्हा घडत नाही. तेच एकदाचे बलिदान वेदीवर आपल्यासमोर येते, हे आपणही त्या मित्रांना कधी नीट सांगितलेले नसते.

मग रांगेचे काय? ख्रिस्तप्रसाद घेताना आपण ‘आमेन’ म्हणतो, ती ह्या साऱ्या विश्वासाला दिलेली कबुली असते. ज्याचा तसा विश्वास नाही त्याच्या तोंडून ती वदवणे हा पाहुणचार नव्हे. धर्मगुरुपदाच्या संस्काराचाही प्रश्न आहे, म्हणून आपणही त्यांच्या प्रभुभोजनात भाग घेत नाही. तरीही कायदा दगडी नाही. धर्मनियम ८४४ नुसार मरणाच्या प्रसंगी, किंवा बिशपांच्या मते अन्य गंभीर निकड असल्यास, आपल्या पंथाच्या पाळकाकडे जाऊ न शकणाऱ्या, स्वतःहून मागणाऱ्या, योग्य तयारी असलेल्या आणि ह्या साक्रामेंताविषयी आपल्यासारखाच विश्वास प्रकट करणाऱ्या बंधूला ख्रिस्तप्रसाद देता येतो. अशा वेळी धर्मगुरूंना ताबडतोब कळवावे.

मारबुर्गचे भांडण मिटायला ४४४ वर्षे लागली. १९७३ च्या लॉइनबर्ग करारानंतर युरोपातील लुथरन व रिफॉर्म्ड मंडळ्या एकमेकांच्या प्रभुभोजनाला बसू लागल्या. कॅथलिक आणि लुथरन ह्यांच्यात ते अजून झालेले नाही. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस व लुथरन जागतिक संघाचे अध्यक्ष बिशप मुनिब युनान ह्यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. सारे आयुष्य एकत्र काढणाऱ्यांना एका वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, ह्या वेदनेचा त्यात उघड उल्लेख आहे.

अशी घरे आपल्या परिचयाचीही आहेत. रविवारी सकाळी नवरा एका चर्चला जातो, बायको दुसऱ्या. आणि मुलांनी कोणाबरोबर जायचे हे शनिवारी रात्री जेवताना ठरते.