जंगलाला गुण देताना

सह्याद्रीतलं कोणतं जंगल आधी राखायचं, हे नकाशे आणि निकष मांडून ठरवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी प्रश्न ठरवा. रस्त्याजवळच्या जंगलाला जास्त गुण द्यायचे की कमी? धोका मोठा म्हणून त्याला आधी वाचवायचं, की आतलं अखंड रान आधी राखायचं? दोन्ही भूमिका रास्त आहेत, पण त्यांचे नकाशे एकमेकांच्या उलट निघतात. हे ठरेपर्यंत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडूच नका.

२. हिरव्या रंगाला भुलू नका. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार किमान १ हेक्टर जागेवर १० टक्के वृक्षच्छत्र असलं की ते वनाच्छादन. झाड कोणतं, जमीन कोणाची, हे पाहिलं जात नाही. त्यामुळे कोकणातल्या काजूच्या आणि रबराच्या बागाही जंगलात जमा होतात. उलट पावसाळी फुलांसाठी प्रसिद्ध असलेला कासचा सडा उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात उजाड माळ दिसतो.

३. गुण देण्याचं एकक जपून निवडा. केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११च्या अहवालासाठी पश्चिम घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून गुण दिले. तिच्यानंतरच्या कस्तुरीरंगन गटाने २०१३मध्ये गाव हे एकक धरलं. चौकोनाला गावशीव कळत नाही आणि गावशिवेला ओढ्याचं पाणलोट कळत नाही. एखाद-दोन एकरांची देवराई तर दोन्हींत हरवते. नकाशात तिचा थर वेगळाच ठेवा.

४. एकच गोष्ट तीनदा मोजू नका. उंची, चढ आणि रस्त्यापासूनचं अंतर ही तिन्ही सह्याद्रीत बहुधा बरोबरच वाढतात. तिन्हींना स्वतंत्र भारांक, म्हणजे बेरजेतलं वजन, दिले, की कडेकपारीच यादीत वर येतात.

५. गुणांच्या बेरजेवर सगळं सोडू नका. एका निकषातला कमीपणा दुसऱ्यातले भरघोस गुण झाकतात. चांदोली, राधानगरी, तिलारी या रानांना जोडणारे अरुंद पट्टे दाट रानापुढे गुणांत मागे पडतात, पण ते तुटले तर वाघाची वाटच तुटते. अशा जोडपट्ट्यांसाठी गुण नकोत, ते यादीत असलेच पाहिजेत अशी अट हवी.

६. भारांक कोणाचे, हे लिहून ठेवा. थॉमस साटी यांच्या एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) या भारांक काढण्याच्या पद्धतीत निकषांची जोडीजोडीने १ ते ९ या मापावर तुलना करतात. विसंगतीचं गुणोत्तर ०.१०च्या वर गेलं, तर उत्तरं पुन्हा तपासायची. ते खाली आलं म्हणजे उत्तर देणारा स्वतःच्या मताशी सुसंगत आहे, एवढंच सिद्ध होतं. म्हणून वनरक्षक, अभ्यासक आणि धनगरवाड्यावरची जाणती माणसं यांचे भारांक वेगवेगळे काढा. मग ते थोडे कमीजास्त करून पाहा. दर वेळी वरच राहणारी जागा पक्की समजा.

७. यादी जाहीर करण्याआधी गावात जा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. इतरत्र २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क दिले आहेत. या मालकांना आणि ग्रामसभांना वगळून आखलेली रेषा जमिनीवर टिकत नाही. नकाशासोबत निकषांचा आणि भारांकांचा तक्ताही मराठीत छापून द्या. कशाला किती मोल दिलं, हे विचारण्याचा पहिला अधिकार तिथे राहणाऱ्यांचा आहे.