टोमॅटोचं काळं बूड

इंग्लंडमध्ये 2025 चा वसंत शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. तेव्हापासून मंदिरात मला हमखास विचारतात, "डॉक्टर, टोमॅटो बुडाशी काळे पडतात, काय फवारू?" काहीच नको. हा संसर्ग नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडतं. मातीत ते बहुधा असतंच, पण पाण्याबरोबरच वर चढतं. माती कडक सुकली आणि मग एकदम भिजवली, की पुरवठा तुटतो. कुंडीत तर फारच लवकर. अंड्याच्या टरफलांनी लगेच काही होत नाही. (आमच्या घरी हा वाद अजून मिटलेला नाही!)

पाणी सकाळी, मुळाशी, सावकाश द्यावं. वाफ्याला रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर. कुंडीला उन्हाच्या दिवसांत रोज. मेथी दुपारच्या सावलीत पेरावी, नाहीतर लगेच फुलावर येते.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकलेलं असताना झटकन उठू नये, चक्कर येते. झारी अर्धीच भरावी.

जास्तीची भाजी शनिवारी सकाळी मंदिराच्या स्वयंपाकघरात द्यावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या डब्यांना सध्या ताजी भाजी कमी पडते आहे. काळ्या बुडाचे टोमॅटोही आणा, तेवढा भाग कापून वापरू.