कोंबुचा : यीस्टचा तोल कसा सांभाळावा?

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेले पेय. दह्याला जसे विरजण, तसे याला आधीच्या कोंबुचाचे आंबट पाणी आणि त्यावर धरलेली जाड साय लागते. या विरजणात यीस्ट आणि जिवाणू असे दोन सोबती असतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व वायू तयार करते. जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे आम्ल करतात. यीस्ट वरचढ झाले की मद्यार्क साचतो.

नीट जमलेल्या कोंबुचातही थोडा मद्यार्क राहतोच, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. पाचवे शील पाळणाऱ्या ज्या घरांना तेवढाही नको, त्यांनी ताक प्यावे. त्यांचे काहीच अडत नाही. ज्यांना करायचाच आहे, त्यांनी तोल सांभाळावा.

प्रमाण : 1 लिटर उकळलेले पाणी, 2 लहान चमचे चहापत्ती, 70 ग्रॅम साखर. चहा गाळून पूर्ण थंड झाल्यावरच साय आणि 100 ते 150 मिली जुने आंबट पाणी घालावे.

यीस्ट वाढल्याची खूण : बिअरसारखा वास, खूप फेस, आंबटपणा कमी, साय पातळ, तळाला तपकिरी गाळाचा जाड थर. थोडा गाळ आणि धागे मात्र नेहमीच असतात.

उपाय :
1. पुढचे विरजण बरणीच्या वरच्या भागातून घ्या. यीस्ट तळाशी बसते. तळाचा गाळ फेकून द्या.
2. सायीला लोंबणारे तपकिरी धागे स्वच्छ हातांनी काढा.
3. बरणी रुंद तोंडाची, काचेची घ्या. झाकण न लावता घट्ट विणीचे सुती कापड बांधा. हवा मिळाली नाही तर जिवाणू मागे पडतात.
4. 24 ते 28 अंश तापमान चांगले. त्याहून जास्त उष्णतेत यीस्ट जोर धरते. बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओले फडके गुंडाळा. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत करूच नका.

सातव्या दिवसापासून चव पाहा. आंबट झाले की बाटलीत वर जागा सोडून भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर उष्ण्यात ठेवलेली बंद बाटली वायूने फुटते, काचा अंगावर उडतात.

हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी पांढरी बुरशी दिसली तर सायीसकट सगळे फेका. तांबे, पितळ, अॅल्युमिनियमची भांडी वापरू नका. आम्लामुळे धातू पेयात उतरतो.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कोंबुचा टाळावा. निरोगी माणसाने दिवसाला 120 मिलीच्या पुढे जाऊ नये. हे औषध नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी याच्या भरवशावर बंद करू नये.