उभं राहून काढलेला एक्स-रे

पाय मुरगळला म्हटलं की आपल्याकडे सगळे आधी घोटा बघतात. सुजलाय का, वळतोय का, हाड मोडलं नाही ना. माझा घोटा ठणठणीत होता. सिंहगड उतरताना पाय घसरला, चवडा दोन दगडांच्या फटीत अडकला, टाच वर उचललेली होती आणि अंगाचा सगळा भार त्या वाकलेल्या पावलावर आला. दुखत होतं ते घोट्याच्या पुढे, चपलेचा पट्टा येतो त्या जागी.

त्याच संध्याकाळी एका रुग्णालयात एक्स-रे काढला. टेबलावर झोपवून, पाय सैल ठेवून. "फ्रॅक्चर नाही. लिगामेंट ताणलंय. क्रेप बँडेज बांधा, सूज उतरली की चालायला लागा." घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण सूज उतरायचं नाव घेईना आणि चवड्यावर भार दिला की कळ थेट डोक्यात जाई.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात स्टुलावर बसून पाय धुताना तळवा दिसला. कमानीच्या बरोबर मधोमध रुपयाच्या नाण्याहून मोठा काळानिळा डाग. तळव्याला तर कुठेच मार लागला नव्हता! हे रक्त आतून, फाटलेल्या लिगामेंटमधून खाली झिरपलेलं असतं. साधा घोटा मुरगळला तर निळेपणा घोट्याच्या बाजूला आणि टाचेकडे उतरतो. तळव्याच्या मध्यावर असा डाग दिसला, तर पावलाच्या मधल्या सांध्यांना इजा नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरून चालायचं. म्हणून माझं सांगणं आहे, पाय दुखावलेल्या माणसाचा तळवा उलटा करून बघा. घरातलं कुणीही बघू शकतं, पैसा लागत नाही.

ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे मी नंतर गेले, त्यांनीही आधी तळवाच पाहिला. मग एका हाताने टाच घट्ट धरून दुसऱ्या हाताने चवडा हलकेच पिळला, आणि मी ओरडले. त्यांनी दोन्ही पावलांचा एक्स-रे सांगितला, उभं राहून. भिंतीला धरून, दुखऱ्या पायावर जमेल तेवढा भार देऊन मी उभी राहिले. त्या फिल्मवर उजव्या पायात अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांच्या बुडाशी फट स्पष्ट दिसत होती. डाव्या पायात ती नव्हती. झोपून काढलेल्या फिल्मवर हीच हाडं गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी बसलेली. भार नसला की सांधा आपल्या जागी येतो आणि फाटलेलं लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, ही या दुखापतीची खरी लबाडी.

या सांध्यांच्या ओळीला लिस्फ्रँक म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यात काम केलेल्या जाक लिस्फ्रँक या फ्रेंच शल्यविशारदाने १८१५ साली याच रेषेतून पाऊल कापण्याची शस्त्रक्रिया मांडली, तिथून हे नाव आलं. इथे पाच बोटांची लांब हाडं मागच्या लहान हाडांना भेटतात. दुसऱ्या बोटाचं हाड मागे खोबणीत रुतलेलं असतं, कमानीतल्या कळीच्या दगडासारखं. पहिल्या आणि दुसऱ्या हाडाच्या बुडांना थेट बांधणारं लिगामेंट मात्र निसर्गाने दिलेलंच नाही. सगळी मदार तिरक्या जाणाऱ्या एकाच मजबूत पट्ट्यावर. तो तुटला की कमान उघडायला लागते. साधारण २ मिलिमीटरपेक्षा जास्त फट संशयास्पद मानतात. पहिल्या तपासणीत यातल्या सुमारे २० टक्के दुखापती हुकतात असं अस्थिरोगाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलं जातंय, आणि तरीही त्या हुकतात याचा मला राग येतो.

तेव्हा 'फ्रॅक्चर नाही' ऐकल्यावर विचारा: एक्स-रे उभं राहून काढला का? दुसऱ्या पायाचा काढला का? दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल, तर पाय प्लास्टरच्या पट्टीत ठेवून आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढता येतो. सीटी स्कॅनमध्ये हाडाचे बारीक तुकडे दिसतात, एमआरआयमध्ये लिगामेंट. तोवर पायावर भार नको, आणि चोळून तर मुळीच घ्यायचं नाही. आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही. पण पाय 'बसवून' देतो म्हणणाऱ्याच्या हाती सुटलेला सांधा देऊ नका. सूज दगडासारखी कडक झाली, बोटं हलवताना असह्य कळ आली किंवा बधिर झाली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

सांधा जागेवर आणि पक्का असेल तर सुमारे सहा आठवडे प्लास्टर किंवा बूट, बहुतेक वेळ भार न देता. सरकला असेल तर शस्त्रक्रिया: स्क्रू किंवा प्लेट घालून हाडं जागेवर धरतात, किंवा सांधा कायमचा जोडून टाकतात. फक्त लिगामेंट तुटलं असेल तर जोडणंच बरं, असं अनेक शल्यविशारद मानतात. दोन्हींचे फायदे-तोटे समोर बसून विचारून घ्या. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत डॉक्टर थांबले तर घाबरू नका, जखम नीट भरण्यासाठीच ते थांबतात. पण निदानालाच महिने लागले, तर सांधे जागेवर आणणं अवघड होत जातं.

भार न देता राहायचं म्हणजे घराची नवी मांडणी. कमोडची खुर्ची, वॉकर, ओट्याशी उंच स्टूल, न्हाणीघरात भिंतीला दांडा. डबा हातात धरून कुबड्या चालवता येत नाहीत, म्हणून गळ्यात पिशवी. या काळात पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दाखवा. पुढे कडक तळव्याचे बूट आणि कमानीला आधार देणारा इनसोल लागतो. मला उतारावर अजून दुखतं. अशा दुखापतीनंतर सांधा झिजण्याचा धोका उपचार उत्तम झाले तरी उरतो, हे आधीच सांगणारे डॉक्टर मला प्रामाणिक वाटले.

मधुमेह असलेल्यांसाठी थोडं वेगळं. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे याच सांध्यांची मोडतोड फारसं न दुखता होते. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेलं वाटलं, तर जखम नसली आणि दुखत नसलं तरी चालणं तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत साखरेच्या तपासणीचे कागद घेऊन जा.