सही केली म्हणजे संमती दिली का?

औरंगपुऱ्यात जुनं पुस्तक घेतानासुद्धा आपण पानं चाळून बघतो. पण फॉर्म समोर आला की न वाचताच सही ठोकतो! मानसिक आजारावरच्या औषधाच्या चाचणीत अशी सही फार महागात पडू शकते.

औषध खरंच काम करतं का, हे बघायला काही पेशंटना औषध आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. कधी आधीचं औषध बंद करून चाचणी सुरू होते. स्किझोफ्रेनियात औषध थांबलं की आजार उलटण्याचा धोका असतो.

२००५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त भारतातल्या एका चाचणीचा अहवाल आला. आजार मेनिया, औषध रिस्पेरिडोन, मुदत तीन आठवडे. सुमारे २९० पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना प्लासिबो मिळाला. उपचार उपलब्ध असताना ते का दिले नाहीत? आणि इतक्या आजारी माणसाची संमती खरी कशी मानायची? असे प्रश्न भारतातल्या अभ्यासकांनीही विचारले.

मग असा पेशंट संमती देऊच शकत नाही का? तसं नाही. आजार आहे म्हणजे समज नाही, असं कायदा मानत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ प्रमाणे संशोधनासाठी माहिती देऊन, दबावाशिवाय संमती घ्यावी लागते आणि ती केव्हाही मागे घेता येते. जो संमती देऊ शकत नाही, त्याच्यासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते.

सोपी कसोटी सांगतो. "तुम्हाला औषध मिळालं नाही तर काय होऊ शकतं?" असं पेशंटला विचारावं. त्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं तरच पेन हातात द्यावं.