बाबांना माणसांत कसं आणावं?

प्रश्न : आई गेल्यापासून बाबा (७४) घराबाहेर पडत नाहीत. आम्ही दोघंही सकाळच्या लोकलने मुंबई गाठतो. काय करावं?
– एक वाचक, भुईगाव

उत्तर : नुसतं ‘बाहेर जा’ म्हटल्याने ते उठणार नाहीत, कुणीतरी बोलवायला यावं लागेल. आधी तुमच्या भागातल्या आशाताईंना (आशा स्वयंसेविकेला) भेटा. त्या घरोघरी फिरतात, कुठल्या आळीत कोण एकटं आहे हे त्यांना ठाऊक असतं. बाबांच्या वयाचा एखादा गाववाला संध्याकाळी दारात येऊन म्हणू दे, ‘चल, किनाऱ्यावर सुरूंखाली बसू.’ तुमची वाडी असल्यास तिथल्या केळींबद्दल त्यांना विचारणारं कुणी भेटलं तर फारच चांगलं.

झोप-भूक उडाली असेल, तर मात्र थांबू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. पहिला फोन तुम्हीच लावून द्या.