कॉलेजातले तास सुटल्यानंतर

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर शाळेच्या कार्यालयासमोर पालकांची वर्दळ असते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, झेरॉक्स, सह्या. त्या गडबडीत आम्हा शिक्षकांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. सायन्स घ्यावे की कॉमर्स? ट्यूशन कुठली लावावी? मराठी माध्यमाच्या मुलाला एकदम इंग्रजी झेपेल का? मुले मात्र बाजूला उभी राहून हळूच वेगळेच काही विचारतात. "सर, कॉलेजात गॅदरिंग किती दिवस असतं?" "बाई, नाटकात घेतात का हो पहिल्या वर्षाच्या मुलांना?" पालक डोळे वटारतात आणि विषय तिथेच संपतो. तो विषय आम्ही या पाठात पुन्हा काढत आहोत. तास सुटल्यानंतर कॉलेजात जे चालते, ते आपल्या मुलांच्या बाबतीत पालकांना वाटते तेवढे किरकोळ नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. विद्यार्थ्यांनी मंडळे काढणे ही अलीकडची हौस नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांची वादविवाद सभा १८२३ साली स्थापन झाली. आपल्याकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' सुरू केली. त्यावेळी मुंबई विद्यापीठही निघाले नव्हते. ते १८५७ चे. या सभेत निबंध वाचले जात, त्यावर चर्चा होई, आणि मराठी व गुजराती भाषांतून ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या शाखाही निघाल्या. पण बोलण्यावरच ही मंडळी थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि सुरुवातीला सकाळच्या वेळी स्वतःच विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. विशीबाविशीतल्या मुलांच्या निबंधवाचन मंडळातून मुलींच्या शाळा निघाल्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. ती वर्गात सावकाश सांगण्यासारखी आहे.

टिळकवाडीत राहणाऱ्या मुलांना लोकमान्यांचे उदाहरणही सांगायला हवे. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष टिळकांनी अभ्यासापेक्षा तालमीत आणि पोहण्यात अधिक घालवले, हे त्यांच्या चरित्रात येते. (हे वाक्य मुले लगेच पाठ करतील, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांनी पुढे गणितात प्रावीण्य मिळवले, तेही सोबत पाठ करावे.) त्याच कॉलेजात त्यांची आगरकरांशी गाठ पडली. शिक्षण संपवून सरकारी नोकरी न धरता शाळा काढायची, हा विचार दोघांच्या तिथल्या गप्पांतून पक्का होत गेला. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत सुरू झाले. या गप्पा कुठल्या वेळापत्रकात नव्हत्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या टिळकवाडीतले राणी पार्वतीदेवी महाविद्यालय, म्हणजे आपले आरपीडी. तिथे १९५० च्या सुमारास मराठी शिकवायला एक तरुण प्राध्यापक आले. पेटी वाजवणारे, गाणारे, नाटकात रमणारे. त्यांचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पु. ल. बेळगावात फार वर्षे राहिले नाहीत. पण इथे जोडलेल्या माणसांतून पुढे 'गणगोत' या पुस्तकातले 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र मराठी घराघरात पोचले. आम्हाला यातली एक बाब महत्त्वाची वाटते. रावसाहेब म्हणजे कृष्णराव हरिहर. ते काही त्या कॉलेजातले प्राध्यापक किंवा विद्यार्थी नव्हते. ते गावातले रसिक होते. कॉलेज आणि गाव यांच्यामध्ये भिंत नसली की अशी माणसे भेटतात. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुणी कॉलेजच्या गॅदरिंगला बाहेरून जाऊन गर्दी केली असेल, तर त्यांना जरूर विचारा. आरपीडीच्या चौकातून जाताना आठवणी सांगणारी माणसे टिळकवाडीत अजून भेटतात.

विद्यापीठांची गोष्ट मात्र आपल्याकडे जरा गुंतागुंतीची आहे. बेळगावची जुनी महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि ते धारवाडला गेले. मग आपली कॉलेजे धारवाडकडे आली. २०१० पासून ती बेळगावच्याच राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. अभियांत्रिकीसाठी १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ इथेच आहे. निपाणीची तऱ्हा याहून वेगळी. तिथले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला आहे. निपाणीला ते अगदी लागून, पण जागा महाराष्ट्रातली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातली. त्यामुळे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. निपाणीचा मुलगा सकाळी सायकलने निघतो, राज्याची हद्द ओलांडतो, आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात येतो. त्याचा युवा महोत्सव शिवाजी विद्यापीठाचा. त्याच गल्लीत राहणारा, पण निपाणीतल्या दुसऱ्या कॉलेजात जाणारा मित्र राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महोत्सवात. तालमीचे दिवस वेगळे, परीक्षेचे दिवस वेगळे. दोघे भेटतात ते गणपतीच्या मांडवात.

हा युवा महोत्सव म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या शाळेतून गेलेल्या पुष्कळ मुलांना तो तिसऱ्या वर्षी कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. आधी कॉलेजात निवड होते, मग विद्यापीठाचा महोत्सव, त्यातून निवडलेला संघ विभागीय आंतरविद्यापीठ महोत्सवात, आणि तिथे यश मिळाले तर राष्ट्रीय पातळीवर. देशातला पहिला आंतरविद्यापीठ युवा महोत्सव १९५४ साली दिल्लीत झाला. स्पर्धांचे पाच मोठे गट असतात. संगीत, नृत्य, वाङ्मयीन स्पर्धा, नाट्य आणि ललित कला. ललित कलेत रांगोळी, मातीकाम, व्यंगचित्र, कोलाज असे बरेच काही येते. म्हणजे ज्याला गाता येत नाही आणि बोलायची भीती वाटते, त्यालाही जागा आहे.

आम्हाला यातले मूकनाट्य फार महत्त्वाचे वाटते. सहा जण, पाच मिनिटे, आणि एकही शब्द नाही. आपल्या भागात याचे मोल वेगळेच आहे. मराठी माध्यमातला, कन्नड माध्यमातला, उर्दू माध्यमातला आणि कॉन्व्हेंटमधला, चौघेही तिथे एका पातळीवर येतात.

हे आम्ही उगाच लिहीत नाही. आमचा एक विद्यार्थी दहावीला वर्गात पहिला होता. वक्तृत्वाची बक्षिसे त्याच्या घरी मांडायला जागा नव्हती. कॉलेजात सायन्सला गेला आणि गप्प झाला. शिकवणे इंग्रजीत, वर्गातल्या गप्पा कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. शंका विचारायला उभे राहायचे तर आधी वाक्य मनात जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत सर पुढच्या प्रकरणावर गेलेले. दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत भेटायला आला, तेव्हा आम्ही विचारले, कसे चालले आहे? "बरं चाललंय," म्हणाला. एवढेच. ज्याला थांबवावे लागायचे, तो मुलगा हा. पीयूसीची दोन्ही वर्षे अशीच गेली. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी त्याला मूकनाट्याच्या संघात सामान उचलायला घेतले. नट आजारी पडला म्हणून उभा केला. तालमीनंतर रोज तासभर चहाच्या गाडीवर जी बडबड चाले, त्यात तो आधी तोडके कन्नड बोलू लागला, मग इंग्रजी. चुकले की मित्र हसत, पण तो हसण्याचा हक्क त्यांनी तालमीत घाम गाळून मिळवलेला होता. वर्षअखेर त्याने प्रयोगशाळेत पहिल्यांदा शंका विचारली. गुण नंतर वाढले.

सगळ्यांचे असेच होईल असे नाही. पण मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला कॉलेजात जो पहिला धक्का बसतो, तो विषयाचा नसून एकटेपणाचा असतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ट्यूशन लावून हा धक्का कमी होत नाही.

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी आहे. तालीम पाचनंतर असते. खानापूरकडे किंवा आसपासच्या गावांकडे जाणारी बस चुकली तर काय, हा पालकांचा प्रश्न खोटा नाही. त्यासाठी 'नाटकात जायचं नाही' हे उत्तर मात्र फार सोपे आहे. किती वाजता सुटते, सोबत कोण आहे, जबाबदार शिक्षक कोण, त्यांचा फोन नंबर काय, हे विचारावे. दोन मैत्रिणींच्या घरांनी मिळून सोय करावी. आमच्या माहितीत एका बापाने रोज दुचाकी घेऊन तिसऱ्या रेल्वे गेटपाशी थांबायचे ठरवले आणि चार मुलींची तालीम त्यामुळे झाली. एक मुलगी त्याची स्वतःची, तिघी दुसऱ्यांच्या.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल थोडक्यात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असे तिचे स्वरूप. बांध घालणे, गावात सर्वेक्षण, रक्तदान अशी कामे असतात. शिबिरात भाकरी भाजायची पाळी मुलांवरही येते, त्यामुळे घरच्यांनी याला विरोध करू नये. एन.सी.सी. मात्र मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या आपल्या गावाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. गॅदरिंगमधले फिशपाँड, म्हणजे आपले शेलापागोटे, ही गंमत आहे असे सगळे म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलीच्या गावाकडच्या बोलीवर एक चिठ्ठी आली. आम्ही ती वाचू दिली. सभागृह हसले, आम्हीही हसलो. ती मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, आणि आल्यावर पुन्हा कधी वर्गात वाचायला उठली नाही. चिठ्ठ्या आधी वाचून पाहणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नव्हते. तेव्हापासून रूप, जात, बोली आणि घरची परिस्थिती यांवरची चिठ्ठी आमच्याकडे बाजूला काढली जाते. मुले कुरकुरतात. कुरकुरू देत.

कॉलेजात याच गमतीचे टोक म्हणजे रॅगिंग. हा गुन्हा आहे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने याविषयी कडक नियम केले आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेणे सक्तीचे केले. आपण त्या कागदावर न वाचता सही करतो. वाचून करावी, मुलासमोर वाचावी.

निवडणुकांबद्दलही मुले विचारतात, बहुधा सिनेमे पाहून. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या होत्या, २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली. २००६ साली लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा सुचवली आणि छापील पोस्टरना मनाई केली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रतिनिधी नेमलेले असतात. आम्हाला विचाराल तर निवडणूक हवी, पण तिची सवय शाळेतूनच लागली पाहिजे. मते मोजायची कशी आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायचे कसे, हे अठराव्या वर्षी एकदम येत नाही.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे मोठे नाही. आठवड्यातून दोन दिवस सहा वाजेपर्यंत एक खोली उघडी ठेवावी आणि तिची किल्ली नववी-दहावीच्या मुलांच्या मंडळाकडे द्यावी. कार्यालयाबाहेरचा काचेचा फलक, ज्यात सध्या गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना लागली आहे, तो भित्तिपत्रकासाठी मिळावा. स्नेहसंमेलनातला छोटासा खर्च, समजा हार, रांगोळी आणि चहाचा, मुलांनी करावा आणि त्याचा हिशेब त्यांनीच आपल्यापुढे मांडावा. दहा रुपये चुकले तर रागावू नये. कुठे चुकले ते शोधायला लावावे.

वर्गात करून पाहा

इयत्ता नववीने या महिन्यात आपल्या वर्गाची एक सभा घ्यावी. विषय: 'या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शेलापागोटे असावेत की नसावेत?' अध्यक्ष मतदानाने निवडावा. जो पक्ष आपल्याला पटत नाही, त्या पक्षाने प्रत्येकाने किमान दोन मिनिटे बोलावे. एरवी वर्गात न बोलणाऱ्या तिघांना आधी संधी द्यावी, मग नेहमीच्या वक्त्यांना. एका विद्यार्थ्याने इतिवृत्त लिहावे: तारीख, उपस्थिती, कोण काय म्हणाले, ठराव काय झाला, बाजूने किती आणि विरुद्ध किती. ठराव आमच्या मताविरुद्ध गेला तरी चालेल. इतिवृत्त दोन पानांपेक्षा मोठे नसावे आणि ते वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुढच्या अंकात आम्ही ते आहे तसे छापू, शुद्धलेखन तेवढे तपासून.